तक्रार या रकान्यात

गुरुवारी नऊ नंबरची खोली उघडते.
आधी तिथं मोडक्या खाटा होत्या,
पोलिओच्या निळ्या पेट्या,
कुणीतरी बरं होऊन विसरून गेलेली एक कुबडी.
आता दोन खुर्च्या, टेबल, आणि दार,
जे नीट लागत नाही
म्हणून डॉक्टरीणबाई आतून त्याला आपली पिशवी टेकवतात.

मी बाहेर केसपेपर काढतो.
नाव, वय, गाव, तक्रार.
नाव पटकन सांगतात. वय अंदाजानं.
तक्रारीशी आले की थांबतात,
फाटक पडल्यावर एसटी थांबते तसे.

मग म्हणतात डोकं. पोट. अंगात कणकण.
एकजण म्हणाला, बायकोनं पाठवलंय, हीच तक्रार.
बोर्गीकडची म्हातारी कन्नडात पुटपुटली,
निद्दी बरंगिल्ल.
मी लिहिलं, झोप येत नाही.
आत बाईंनी विचारलं, कधीपासून?
तिनं बोटं मोजली. बोटं संपली,
तशी शेजारी बसलेल्या नातवाची मोजायला लागली.

स्टँडजवळचा इराण्णा न्हावी.
सकाळची क्वार्टर पोटात गेल्याशिवाय
त्याचा हात ठरायचा नाही.
सगळ्या जत तालुक्याला वेळ पाठ होती:
दाढी करायची तर नऊ ते बारा.
मग पोलीस पाटलाच्या कानाची पाळी गेली
आणि खुर्ची रिकामी पडली.
त्याची बारावीतली रत्नव्वा त्याला दप्तरासारखा घेऊन आली.
तक्रार?
हात, एवढंच म्हणाला.
मी तेवढंच लिहिलं.

पूर्वी असल्याला आम्ही मिरजेची चिठ्ठी द्यायचो.
आता पुरुष वॉर्डात, खिडकीकडची खाट, आठ दिवस, सलाईन.
दुसऱ्या रात्री तो ओरडत उठला,
वॉर्डात मेंढरं शिरलीत,
माडग्याळची, लांब कानांची, गाद्या खातायत.
दमयंती सिस्टर मेंढरं नाहीत असं म्हणाल्या नाहीत.
इंजेक्शन भरलं, दंडात दिलं,
मग चादर झटकत, हुर्र हुर्र करत
व्हरांड्यापर्यंत कळप हाकलून आल्या.
गेली, म्हणाल्या. झोप आता.

मी दारात उभा होतो. माझी ड्यूटी नव्हती.

माझ्या थोरल्या भावाला, सुबरावला,
आम्ही जीपमधनं मिरजेला नेत होतो,
हात टॉवेलनं बांधून.
त्यालाही काहीतरी दिसत होतं.
कवठ्यापर्यंत दिसत होतं.
त्याच्या पुढं नाही.
एकोणीस वर्षं झाली.
तेव्हा या खोलीत खाटा होत्या, मोडक्या,
त्यांची यादी मीच केली होती.

इराण्णा बरा झाला असं मी लिहिणार नाही,
तसा रकानाही नाही.
यल्लम्माच्या जत्रेत पुन्हा प्याला.
पुढच्या गुरुवारी आला, पोरीशिवाय,
रांगेत उभा राहिला.
तक्रार?
तीच.

मार्चमध्ये गोळ्या संपल्या.
दोन गुरुवार बाई आल्या नाहीत, सांगलीला मीटिंग.
लोक तरी आले.
कुलपाकडं तोंड करून बाकावर बसले,
शेंगा सोलल्या, एकमेकांना विचारलं,
तुला किती मिलीची?
म्हातारीनं इराण्णाला काहीतरी सांगितलं,
तो खाली मान घालून ऐकत होता.
मला काय करावं कळेना,
मी सगळ्यांचे केसपेपर काढले.

काल दुपारी चार वाजता
त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो.
बाराच्या नंतर, मुद्दाम.
रस्त्यावरची दोघं थांबून बघत होती.
त्यानं पान बदललं, नवं कोरं,
फेस लावला, हनुवटी वर केली.
वस्तरा गळ्याशी आला, अगदी स्थिर,
आणि खुर्चीच्या दांड्यावर
माझाच हात थरथरायला लागला.

इराण्णानं वस्तरा खाली घेतला.
घाई केली नाही. आरशातनं माझ्याकडं बघत
बाईंच्या आवाजात विचारलं,
कधीपासून?

गालावर साबण वाळत चालला होता.
मी म्हटलं,
कवठ्यापासून.